बिनमुहूर्ताचं काम

बस अगदी पाठीला येऊन टेकली, तरी सुनीतीला तिची चाहूल लागली नाही. मंडईतून बाहेर पडून ती रस्ता ओलांडत होती. एका पिशवीत अळूची पानं, गवार, भेंडी, आलं. दुसऱ्या पिशवीत एक लहानसा अख्खा तांबडा भोपळा. उद्या श्यामची, तिच्या नवऱ्याची, तिथी. पितृपंधरवड्यात मंडईतले भाव आणि पुणेकरांचा सात्त्विकपणा दोन्ही एकदमच चढतात, तेव्हा अळूसाठी तिला दोन गाळे जास्त फिरावं लागलं होतं आणि डोक्यात उद्याच्या स्वयंपाकाची उजळणी चालली होती. एवढ्यात खांद्याला काहीतरी थंड आणि गुळगुळीत लागलं. तिनं वळून पाहिलं तर भिंतीएवढी काच समोर उभी. पिशवी हातातून सुटली, भोपळा गडगडत थेट गटाराच्या काठाशी गेला. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. "ओ मावशी, लक्ष कुठंय?" आणि फुटपाथवर छत्री टेकून उभ्या असलेल्या एका आजोबांनी, काही घाई नसल्यासारखं, सांगितलं, "अहो बाई, पंधरवडा संपायला अजून अवकाश आहे. इतकी गडबड करायचं कारण नाही." दोघंतिघं हसले. एका फुलवालीनं भोपळा उचलून, पदरानं पुसून तिच्या हातात दिला. बस निघून गेली. निघतानाही तिचा आवाज झाला नाही. सुनीतीनं सवयीनं बसच्या मागच्या बाजूला, खाली, उजवीकडे पाहिलं. धुराची नळी जिथं असायला हवी, तिथं काही नव्हतं.

ती घाबरली होती, पण भीती मरणाची नव्हती, हे तिला स्वतःलाच जरा चमत्कारिक वाटलं. भीती होती ती ऐकू न आल्याची. लग्न होऊन पेंडशांच्या घरात आल्यापासून तिचं आयुष्य सायलेन्सरच्या कारखान्यात गेलं होतं. गल्लीतून गेलेली मोटारसायकल न बघता ती सांगायची, आतली जाळी सैल झालीय, किंवा सांध्याला चीर गेलीय. लोकांना माणसांचे चेहरे लक्षात राहतात, तिला गाड्यांचे आवाज राहायचे. आणि आज एवढी मोठी बस येऊन खांद्याला शिवली, आणि या कानांनी काही सांगितलं नाही. ती बॅटरीवर चालणारी बस, तिला सायलेन्सर नव्हताच. लागतच नव्हता. हे काही तिला नव्यानं कळलं नव्हतं. स्पृहा, तिची लेक, दोन वर्षं हेच सांगत होती. स्पृहाचा मित्र विश्वजीत, सल्लागार म्हणवून घेणारा, त्यानं तर पडद्यावर रंगीत आलेख दाखवले होते, पेट्रोलची रेघ इथं खाली येणार, बॅटरीची रेघ इथं वर जाणार, आणि दर तिसऱ्या वाक्याला 'ट्रान्सफॉर्मेशन'. सुनीतीनं तेव्हा समजूतदारपणे मान हलवली होती आणि चहा मागवला होता. डोक्याला ते कळलं होतं. पाठीला आज कळलं.

घर कर्वेनगरला, पण रिक्षात बसल्यावर तिच्या तोंडून आपोआप निघालं, "वारज्याला सोडा." कारखान्यावर. भाजी कोमेजेल, हे कळत असूनही. रिक्षा जुनी होती, खडखडत होती, आणि त्या खडखडाटानं तिला बरं वाटलं. बाहेर सूट घातलेल्या माणसांचे फ्लेक्स, क्लासच्या पाट्या, पुलाचे खांब मागे जात होते आणि तिला दादांचा आवाज ऐकू येत होता. दादा म्हणजे सासरे. कारखाना त्यांनी काढला, आणि माल तपासायची रीतही त्यांचीच. नवा नमुना तयार झाला की तो इंजिनाला जोडायचा, इंजिन चालू करायचं, जमिनीवर खडूनं एक रेघ मारायची. रेघेच्या पलीकडे स्टुलावर बसून दादा त्या दिवशीचा अग्रलेख वाचायचे, आवाज न चढवता, घरात वाचावा तसा. इंजिनाच्या अलीकडे बसलेल्या माणसाला शब्द न शब्द कळला, तर नमुना पास. कळला नाही, तर परत पत्रा कापा. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी तिला अलीकडे बसवलं होतं. "सूनबाई, कान कसे आहेत बघू." तिनं पूर्ण अग्रलेख ऐकून दाखवला आणि वर म्हणाली होती, "तिसऱ्या परिच्छेदात त्यांनी स्वतःचंच म्हणणं खोडलंय." दादा इतके खूष झाले, की त्या दिवसापासून ती कारखान्याचा कान झाली. मोठी मोठी यंत्रं असलेले लोक आवाज मोजायला डेसिबल वापरायचे. पेंडशांकडे अग्रलेख. पुढे यंत्रही आलं, आकडेही आले, पण अग्रलेख वाचल्याशिवाय माल बाहेर गेला नाही. दादा गेल्यावर श्याम वाचायचा. त्याचा आवाज दादांपेक्षा मऊ होता, म्हणून कारखान्यात कुरकुर असायची की श्यामराव मुद्दाम हळू वाचतात.

श्यामचा विचार आला की त्यामागे तो दसराही यायचाच. सुनीती त्याला टाळू शकत नव्हती, दाराला लागलेल्या झेंडूच्या डागासारखा तो दसरा राहिलाच होता. तेव्हाही असंच, बदलायला हवं, असं श्यामच्या मनानं घेतलं होतं. दुकानदारांना सुटे सायलेन्सर किती दिवस विकायचे? एका मोठ्या मोटार कंपनीला पूर्ण नळीच बनवून द्यायची. कल्पना वाईट नव्हती, आजही नाही. परदेशातून नळी वाकवायचं यंत्र आलं. ते बसवून देणारा माणूस दिवाळीनंतर येणार होता. पण दसरा दिवाळीच्या आधी येतो, आणि पेंडशांच्या कारखान्यात नवं काम दसऱ्याशिवाय कधी सुरू झालं नव्हतं. साडेतीन मुहूर्तांतला एक हातातला का सोडायचा? वर खंडेनवमीच्या पूजेला शेड नीटनेटकी दिसावी म्हणून श्यामनं जुने साचे आधीच भंगारात काढले. "मागे वळायला जागाच ठेवायची नाही," तो म्हणाला होता, डोळे चमकत होते, आणि खरं सांगायचं तर तिला तो त्या क्षणी फार आवडला होता. खंडेनवमीला यंत्राला हार घातला, हळदकुंकू लावलं, दुसऱ्या दिवशी दसऱ्याला आपट्याच्या पानांची रास पडली. ऑपरेटरला माहीत होतं की यंत्राचा कोन अजून बसलेला नाही. कारखान्यातले भागीदार हिंदुराव, त्यांना माहीत होतं. तिला स्वतःला ते पहिल्या नळीच्या आवाजावरून कळलं होतं. पण हार घातलेल्या यंत्रासमोर कुणी वाईट बोलत नाही. सगळ्यांनी पेढे खाल्ले. पहिला माल परत आला, दुसराही आला, आणि तोवर जुने दुकानदार दुसरीकडे गेले होते, कारण त्यांना द्यायला साचेच उरले नव्हते. कारखाना पुन्हा उभा राहिला, पण सरपटत, वर्षानुवर्षं. श्याम मात्र तसा उभा राहिला नाही. त्याला कुणी दोष दिला नाही, हेच त्याला जास्त लागलं असावं. सहा वर्षांपूर्वी, भाद्रपदात, एका सकाळी चहाचा कप हातात असताना तो गेला.

तेव्हापासून या घरात 'नवीन' हा शब्द कुणी मोठ्यानं काढत नसे. आणि आता काढायला लागणार होता. कर्वेनगरमधल्या एका प्रसूतिगृहानं स्पृहाला विचारलं होतं. नुकत्याच जन्मलेल्या बाळांच्या खोलीवर हवेचा मोठा पंखा आहे, त्याच्या घरघरीनं बाळं दचकतात, काही करता येईल का? स्पृहानं सायलेन्सरच्या पोटात असतं तेच सगळं, भोकाचा पत्रा, आवाज शोषणारी खनिज लोकर, आडव्या भिंती, मोठ्या पेटीत बसवलं. आवाज कमी करायचा तोच धडा, फक्त इंजिनाऐवजी पंखा. प्रसूतिगृहानं त्यांचा जुना पंखा चाचणीसाठी शेडमध्ये आणून ठेवला होता. पेटी पास झाली तर त्यांच्या नव्या इमारतीचं सगळं काम पेंडशांकडे, पण होकार उद्या संध्याकाळपर्यंत हवा होता. नंतर ते दुसऱ्याला देणार होते. होकार द्यायचा तर शेडचा अर्धा भाग कायमचा या कामाला द्यावा लागणार होता. आणि त्यासाठी हिंदुरावांची सही लागणार होती, कारण जमीन त्यांची होती आणि भागीदारीही. त्यांच्या वडिलांनी वारज्यातलं हे रान दादांना दिलं, ते पैशाच्या बदल्यात नाही, भागीच्या बदल्यात. शेजारच्या सगळ्यांनी रानं बिल्डरला देऊन मोठाले बंगले बांधले, तरी हिंदुरावांनी या जागेला हात लावू दिला नव्हता. त्यांना गमवायलाही तेवढंच होतं जेवढं तिला.

शेडमध्ये शांतता होती. पंधरवड्यात दुकानदार माल उचलत नाहीत, नवी गाडी कुणी घेत नाही, जुनीला सायलेन्सरही घटस्थापनेनंतरच बसवतात. निम्मे लोक गावी गेले होते. हिंदुराव दादांच्याच स्टुलावर बसून तंबाखू मळत होते. पांढरं धोतर सोडून आता त्यांनी पँट धरली होती, पण टोपी कायम होती. स्पृहा पेटीशेजारी हातात पाना घेऊन उभी होती, चेहऱ्यावर आत्ताच झालेल्या वादाचा लालपणा.

"वैनी, तुमी पोरीला समजवा," हिंदुराव म्हणाले. "धंदा चांगला चाललाय. यंदा माल पुरत नाय आपल्याला. चांगल्या चाललेल्या धंद्यात हे कशापायी?"

"काका, चांगला चाललाय म्हणूनच! नंतर आपल्याकडे ना टाइम असेल ना ताकद. हे मी किती वेळा सांगू?"

"मी नाय म्हणत नाय गं. पण पितरपाट चालू हाय. पितरपाटात नवीन काम? आमच्या घरात कुनी साधी बादली इकत आणत नाय या दिवसांत. दसरा होऊ द्या, दसऱ्याला हार घालू पेटीला."

दसरा हा शब्द ऐकल्याबरोबर सुनीतीच्या खांद्यावर, जिथं बसची काच लागली होती, तिथं पुन्हा थंड लागलं. तिनं भाजीच्या पिशव्या खाली ठेवल्या. आपण काय बोलणार आहोत हे तिला बोलेपर्यंत माहीत नव्हतं. "दसऱ्याला नाही, हिंदुराव," ती म्हणाली. "दसऱ्याला तुम्ही हार घालाल, आणि मग कुणी खरं बोलणार नाही. तुम्ही नाही, मी नाही. आत्ता इथं पेढे नाहीत, पाहुणे नाहीत, दुकानदारांचे फोन नाहीत. आत्ता पेटी वाईट निघाली तर आपण वाईट म्हणू शकतो. आणि जुनं काहीही भंगारात काढायचं नाही. अर्धी शेड जशी आहे तशीच चालेल, तुमचे साचे, तुमची माणसं. उरलेल्या अर्ध्या भागात ज्यांना यायचंय त्यांनी यावं. चुकलो, तर अर्धेच चुकू." एवढं सरळ ती श्यामशी कधी बोलली नव्हती, आणि ते लक्षात आल्यावर डोळे भरून आले. तिनं पुसले नाहीत.

हिंदुरावांनी मळलेली तंबाखू न खाताच कागदात बांधून खिशात टाकली. "मला इचार करू द्या," म्हणाले, आणि टोपी सारखी करत निघून गेले. दारापाशी थांबून एवढंच विचारलं, "उद्या जेवायला किती वाजता यू?"

रात्री तिला झोप लागली खरी, पण मधेच जाग आल्यासारखं वाटायचं आणि ती कान लावून पडून राहायची. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांत आता काही गाड्या नुसत्या उजेडाच्या होत्या, भिंतीवर प्रकाश सरकून जायचा, मागे आवाज नाही. आधी ते भुताटकीसारखं वाटलं. मग वाटलं, ही शांतता तर आपणच इतकी वर्षं विकत आलो. दादांना पत्र्याच्या नळीचं काय प्रेम होतं? त्यांना अग्रलेख ऐकायचा होता. नळी गेली म्हणून काय झालं, या शहरात घरघर करणाऱ्या गोष्टींची काय कमी आहे, सोसायट्यांचे जनरेटर, हॉटेलांचे धुराडे, दवाखान्यांचे पंखे. हे विश्वजीतच्या पडद्यावरही असेल बहुतेक, तिनं नीट पाहिलं नव्हतं. तिला त्या मुलाबद्दल थोडं वाईट वाटलं. चहा तरी चांगला दिला होता.

तिथीचा स्वयंपाक तिनं आणि स्पृहानं मिळून केला. अळूचं फदफदं, भोपळ्याची भाजी, गवार, आमसुलाची चटणी, खीर, वडे. भोपळ्याला एका बाजूनं मार लागला होता, तेवढा भाग काढून टाकला. गच्चीच्या कठड्यावर पान ठेवलं तर कावळा आला आणि वडा उचलून गेला, इतक्या चटकन की स्पृहा म्हणाली, "बाबांना भूक लागली होती वाटतं." हिंदुराव दरवर्षीसारखे वेळेवर आले, दरवर्षीसारखे श्यामच्या फोटोसमोर हात जोडून उभे राहिले आणि जेवायला बसले. सुनीतीनं मागचा विषय काढला नाही. खीर वाढताना तिला आठवलं, श्याम खिरीतले बेदाणे ताटाच्या कडेला काढून ठेवायचा आणि शेवटी एकदम खायचा. तिनं आज बेदाणे जास्त घातले होते, आणि कुणीही ते कडेला काढून ठेवले नाहीत. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवूनही ती बघत होती. प्रसूतिगृहाची वेळ जवळ येत होती. हिंदुरावांनी हात धुतला, सुपारी घेतली, आणि नुकतंच सुचल्यासारखं बोलले, पण त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की रात्रभर हेच घोळलंय.

"वैनी, आपन म्हंतो पितरं या दिवसांत जेवायला येत्यात. आलीच असतील, तर परत जायच्या आधी काम तरी बघून जाऊ द्या त्यांना. दसऱ्याला कुठं असतील ती? तवा दाखवून काय उपेग?"

सुनीतीच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. एवढी वर्षं पंधरवडा म्हणजे काही करायचं नाही, असंच तिनं धरलं होतं. घरात कोणी आलेलं असतं हा भाग ती विसरूनच गेली होती. "चला मग," ती म्हणाली. भांडी तशीच ठेवून ते तिघं वारज्याला निघाले.

शेड रिकामी होती. भिंतीवर दादांचा आणि श्यामचा फोटो, हारांचे धागे. स्पृहानं आधी पंखा उघडा चालवला. त्या घरघरीनं पत्र्याचं छप्पर हललं आणि सुनीतीला त्या खोलीतली बाळं दिसली, मुठी आवळून दचकणारी. मग स्पृहानं पेटी चढवली, नटबोल्ट आवळले. सुनीतीनं खडूनं जमिनीवर रेघ मारली. रेघेपलीकडचं दादांचं स्टूल हिंदुरावांकडे सरकवून त्यांच्या हातात त्या दिवशीचं वर्तमानपत्र दिलं. आजवर त्यांनी कधी अग्रलेख वाचला नव्हता. 'आमचा घसा तसला नाय' म्हणून ते नेहमी टाळायचे. आज त्यांनी वर्तमानपत्र घेतलं, खिसे चाचपले, चष्मा घरी राहिला होता. सुनीती रेघेच्या अलीकडे येऊन त्यांच्याकडे पाठ करून बसली. दादा नेहमी पाठ करायला लावायचे. ओठ बघून ऐकणं नको, म्हणायचे. स्पृहानं बटण दाबलं.

पंखा फिरायला लागला, हे तिला पायाखालच्या फरशीतून कळलं. कानांना नुसता श्वास ऐकू येत होता, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा. ती वाट बघत राहिली. मागून अग्रलेख काही येईना. पंख्याच्या श्वासात वाचन बुडालं की हिंदुरावांनी वाचायला सुरुवातच केली नाही, तिला समजेना. आणि मग, श्वासाच्या वरून, कुणाला ऐकवायचं म्हणून नाही, मान खाली घालून स्वतःशीच पुटपुटावं तसा, हिंदुरावांचा आवाज आला.

"श्यामराव, जेवन झालं न्हवं पोटभर? हे बघा मग. दसऱ्यापतूर थांबलो नाय आमी. राग मानू नका. साचे समदे ठिवलेत जिथल्या तिथं. पोर हुशार हाय तुमची."

शब्द न शब्द. सुनीतीनं डोळे मिटून घेतले. गालावरून काहीतरी ओघळत होतं आणि ती हसत होती. डोळे उघडले तर स्पृहा समोर येऊन खुणेनं विचारत होती, काय झालं, आई? सुनीती हिंदुरावांकडे वळली.

"हिंदुराव," ती म्हणाली, "सगळं ऐकू आलं."

हिंदुराव दचकले, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी पंख्याकडे पाहिलं, चालू होता. मग न वाचलेल्या वर्तमानपत्राची घडी घातली आणि उभे राहिले.

"मंग कळवा त्या दवाखान्याला," ते म्हणाले. "व्हय म्हनून."